हात न लावता उचललेली गोटी

तिसरी घंटा वाजल्यावर नटी विंगेत उभी असते, तशी शुभांगी आपल्या गावच्या, नांद्याच्या शाळेच्या व्हरांड्यात उभी होती. आज तिचा बीएडचा वार्षिक पाठ. सहावीचा वर्ग, विषय साधी यंत्रे, आणि टिपणं घ्यायला परीक्षक मॅडम. हा पाठ पडला की वर्ष पडलं, आणि वर्ष पडलं की वडिलांपुढे मान वर करायची सोय नाही.

वडील म्हणजे जयसिंग. पोरगी मेकॅनिकल इंजिनियर झाली तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले होते. पिरंगुटच्या कारखान्यात ती डिझाइनला लागली, तेव्हा भाड्याने दिलेल्या खोल्यांतल्या बिऱ्हाडांनाही बोलावून जेवू घातलं. आणि काही वर्षांतच ती नोकरी सोडून तिने बीएडला नाव घातलं. आईने, साळूबाईने, कारण विचारलं तर म्हणाली, दिवसभर स्क्रीनवर चाकं फिरवते, पण ती फिरली म्हणून खुललेला चेहरा काही दिसत नाही. जयसिंग एवढंच बोलले, "मशीन सोडून खडू धरलास. उद्या खडू बी सोडशील."

हे बोलणं खरं व्हायची वेळ पहिल्याच सराव पाठाला आली होती. कारखान्यातल्या सोबत्यांकडून शुभांगीने पितळेची तरफ करून घेतली होती, दागिन्यासारखी झळझळीत. ती टेबलावर ठेवून शुभांगी पहिलं वाक्य बोलली, "हात लावू नका." कारखान्यात मोजमापाच्या वस्तूला कुणी उगाच बोट लावत नाही, तीच सवय. पोरं हाताची घडी घालून बसली, सूत्र उतरवून घेतलं आणि जांभया दिल्या. मॅडम म्हणाल्या, "यंत्र सुरेख आहे. पाठ मात्र झाला नाही." आजही परीक्षक त्याच होत्या.

घंटा झाली. शुभांगीने वर्गात पाऊल टाकलं आणि पोरांना सांगितलं, वह्या राहू द्या, मारुतीच्या देवळापुढे चला. पितळेची तरफ घरी कपाटात होती. तिच्या हातात होती बापाची पहार.

देवळापुढे एका खळग्यात गोटी बसलेली असते. काळा, गुळगुळीत, गोल दगड. जत्रेत गावचे पैलवान तो उचलून खांद्यावर घेतात. ज्याला पेलणार नाही त्याने गोटीला हात लावायचा नाही, आणि बायकांनी तर नाहीच, हा तिथला रिवाज. गावातले म्हातारे हैबतराव तरुणपणी ती फुलासारखी खांद्यावर घ्यायचे. आता खांदा निकामी झालेला, पण त्यांची बैठक अजून तिच्याच शेजारी. पहार घेतलेली बाई आणि मागे पोरांची पलटण पाहून म्हातारा काठी टेकत उभा राहिला.

"काय गं जयसिंगाच्या पोरी, हितला रिवाज ठावं हाय ना?"

 मागोमाग आलेल्या मॅडमचं पेन थांबलं. म्हातारा नको म्हणाला असता तर पाठ तिथेच संपला असता. शुभांगीला पाठाच्या टाचणातलं एकही वाक्य आठवेना. मग तोंडून आलं ते गावचंच.

"हात कोन लावतंय, तात्या? हात न लावताच उचलणार हायेत पोरं. तुमी पंच व्हा."

पंच म्हटल्यावर हैबतरावांचा कणा ताठ झाला. "उचला. पर हात लागला तर घरला जायाचं."

वर्गातला दांडगा राजू पुढे सरसावला. त्याने विटेचा टेकू दगडापासून लांब ठेवला, पहार रेटली, तोंड लाल केलं. गोटी ढिम्म हलेना. सांगायला शुभांगीची जीभ शिवशिवत होती, पण तिने ओठ मिटून धरले. मग काडीसारखी रेश्मा आली. तिने पायाने वीट गोटीजवळ ढकलली आणि पहारेच्या टोकाला लोंबकळली. गोटी कुरकुरली, हलली, आणि खळग्यातून इतकी वर आली की तिच्याखाली ऊन शिरलं.

असा गजर झाला की देवळावरची कबुतरं उडाली. कशी उचलली, एवढंच शुभांगीने विचारलं. उत्तरं एकमेकांच्या अंगावर पडू लागली, टेकूची जागा, पहारेची लांबी, सगळं पोरांनीच सांगितलं. तरफ हा शब्द तिने सगळ्यात शेवटी उच्चारला.

तेवढ्यात हैबतरावांनी काठी रेश्माच्या हाती दिली. पहार धरली, धड असलेल्या हाताने दाबली. गोटी वर आली. म्हातारा गोटीकडे बघत राहिला. "उचलली," ते हळूच म्हणाले, "आन् खांद्याला कळलं बी न्हाई."

तास संपल्याची घंटा शाळेकडून ऐकू आली, पण जागचं कुणी हललं नाही. मॅडमनी टिपणांचे कागद पर्समध्ये कोंबले, पदर खोचला आणि पहार आपल्याला कधी मिळणार म्हणून विचारलं.

"रांगेत या, मॅडम," रेश्मा म्हणाली. मॅडम रांगेत गेल्या.

संध्याकाळी शुभांगी पहार घेऊन घरी आली, तेव्हा बातमी तिच्या आधीच पोचली होती. जयसिंगांनी पहार हातात घेतली, माती पुसली आणि परत तिच्याकडे दिली.

"शाळेतच राहू दे. उद्या लागंल."