पार्किंगमधला बर्फ

पाऊस पडतोय, थंडी पळालीय, म्हणजे बर्फाच्या डोंगरात जायला आजचा दिवस चांगला, असं तुम्हालाही वाटतं का?

आम्हाला वाटलं होतं. मी सिएटलला शिकते. गेल्या हिवाळ्यात बाबा नाशिकहून माझ्याकडे राहायला आले होते. बर्फ हातात घ्यायचा, एवढी एकच त्यांची फर्माईश. पण दर रविवारी काहीतरी आडवं यायचं, आणि आता विमान दोन दिवसांवर आलं होतं.

माझी रूममेट पुण्याची, भर पावसात सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेली. ती म्हणाली, "काका, टेम्परेचर मस्त वर गेलंय. रेनकोट घाला, निघू." बर्फात भ्यायचं ते फक्त थंडीला, अशी आमची समजूत.

दोन तासांनी पार्किंगमध्ये उतरलो. वाटेच्या तोंडाशी फलक होता, त्यावर प्लास्टिकच्या पिशवीत त्या दिवसाचं हिमस्खलनाचं बुलेटिन. मी त्याच्यासमोरून तशीच पुढे गेले. बाबा थांबले.

हे लिहिताना लाज वाटते. बाबांनी उभा जन्म कारखान्यांच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटली. मी अक्षरं शिकले तीच त्या पत्रकांवर. न वाचता कागद चुरगाळणाऱ्यांचा मला लहानपणापासून संताप. आणि त्या दिवशी मीच.

बाबांनी चष्मा पुसला आणि गेटवरच्या आवाजात एकेक ओळ मराठीत करून वाचली. पाऊस बर्फात मुरतोय, थर जड आणि कच्चे झालेत, धोका मोठा आहे, तीव्र उतारांवर जाऊ नका, त्यांच्या खालूनही नको. मग त्यांनी वर पाहिलं. आमची वाट अशाच एका उताराच्या पायथ्यानं जात होती.

"जायचं नाही."

"अहो काका," रूममेट म्हणाली, "सह्याद्रीत आम्ही पावसातच तर जातो!"

"आणि पावसात घाटात काय कोसळतं?"

"दरड."

"मग ही बर्फाची दरड."

मी चिडले. "बाबा, परवा तुमचं विमान आहे. पुन्हा कधी याल?"

"विमान आहे म्हणूनच. तुम्ही दोघींनी मला सोडायला यायचंय."

ते पार्किंगच्या कडेला उकिडवे बसले. रस्ता साफ करताना लोटलेल्या मळक्या ढिगातून मूठभर बर्फ घेतला, पिळला. बोटांमधून पाणी गळलं. "हाताला दूध काढलेल्या नारळाच्या चवासारखा लागतोय," म्हणाले, आणि लहान मुलासारखे हसले. "झालं. बघितला बर्फ."

पण ते गाडीत बसेनात. फलकाशेजारी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, "प्लीज रीड. फुल रीड."

"काका, इथे युनियन काढताय का?"

"तू आधी सभासद हो. छत्री धर."

तिनं धरली. दोन मुलांना घेऊन आलेलं एक जोडपं वाचून परत फिरलं. दोन तरुण हसून पुढे गेले. ते दोघे सुखरूप खाली येईपर्यंत बाबांनी आम्हाला गाडी सुरू करू दिली नाही.

त्या दुपारी त्या उतारावरचा बर्फ कोसळला नाही. म्हणून बाबा चुकले, असं म्हणणाऱ्याशी मी आजही भांडेन.

आता दर शुक्रवारी नाशिकहून फोन येतो. "डोंगरात जाणार? बुलेटिन वाचलं?" तेच तुम्हाला सांगते. निघण्याआधी त्या दिवसाचं, त्याच डोंगराचं बुलेटिन उघडा आणि गाडीतल्या सगळ्यांना आपल्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवा. एक जण जरी "नको" म्हणाला, तरी गाडी वळवा.