बाजेमागचे चोर

मुन्ना गेल्याचा फोन नागपूरहून आला तेव्हा मी मायला वरणभात भरवत होते. "कोण होय वं?" तिनं विचारलं. हातातला घास हातातच राहिला... कावीळ झाली म्हणून दवाखान्यात नेलेला माझा धाकटा भाऊ बघता बघता हातचा गेला, अन् ते तिला सांगायचं माझ्याच वाट्याला आलं.

गोंदियाकडच्या आमच्या गोरेगावच्या बसस्टँडजवळ त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान. मायचे डोळे काचबिंदूनं अधू झाले, अंगणातून तारे दिसेनात, तेव्हा त्यानं लॅपटॉपवर आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. तारे मोठे केले, रेघा जाड अन् पिवळ्याजर्द केल्या, अन् संध्याकाळी ओसरीवर लॅपटॉप तिच्या नाकाशी धरला. माय हरखली. मग एकदम कडाडली, "चोर कायले जोडले बाजेले?"

आमच्या घरी सप्तर्षींचे पुढचे चार तारे म्हणजे म्हातारीची बाज, अन् मागचे तीन म्हणजे ती पळवायला निघालेले चोर. म्हातारी बाजेवर झोपलेली. चोर मागं चालतात, पण पोचत नाहीत. सॉफ्टवेअरनं मात्र सातही तारे एकाच रेघेत ओवले होते. "चोरायचा हात लागला तं म्हातारी गेली ना रे!" मुन्ना हसला, "थांब माय, तोडतो." मला वाटलं, एखादं बटण दाबेल. कसलं काय! ज्या दोन ताऱ्यांचे नंबर फाईलमध्ये जोडीनं लिहिले, त्यांच्यात रेघ उमटणार, असा तो कारभार. दुकानातली गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून मुन्ना नंबर धुंडाळत बसायचा. मी चिडले, "काऊन जीव काढून राहिला रे एका रेघेसाठी?" "बाई, मायले झोप येत नाही ना," एवढंच म्हणाला. शेवटी ती जोडी सापडली, पुसली. मग रोज माय विचारायची, "चोर कुठवर आले?" अन् तो म्हणायचा, "तिथंच आहेत माय, झोप तू." आकाशात सप्तर्षी नसले तर सॉफ्टवेअरमधली तारीख सरकवायचा, पण बाज दाखवायचाच.

तेरवीनंतर मायनं तेच विचारलं. लॅपटॉप उघडला तर सॉफ्टवेअर आपोआप नवं झालेलं, अन् मुन्नानं पुसलेली रेघ परत आलेली. रंग, जाडी त्याचीच, म्हणून ती जास्तच ठसठशीत दिसत होती. सगळ्या सेटिंग उघडून पाहिल्या, ती फाईल काही सापडेना. लॅपटॉप गोंदियाला दाखवला, तर दुकानदार म्हणाला, "दीदी, ये तो भैया ही जानते होंगे." असा राग आला मुन्नाचा! अरे, जायचंच होतं तर मला दाखवून तरी ठेवायचं होतंस... मी कुठं कुठं हात मारू?

आता लॅपटॉप धरताना मी अंगठा त्या रेघेवर ठेवते. "चोर कुठवर आले?" "तिथंच आहेत, माय." परवा तिनं माझा अंगठा चाचपला. मग म्हणाली, "अंगठा काढ वं पोरी. लागले ना ते बाजेले?"

मी अंगठा काढला नाही.