मुरबाडच्या तळ्याची बाटली

इलाख्यातल्या पिण्याच्या पाण्यावर देखरेख ठेवायला सरकारने नेमलेले ते साहेब दर उन्हाळ्यात कल्याणला आमच्या विहिरीवर येत. जोडे लांब काढून ठेवत, बाटली भरून उन्हात धरत आणि एक डोळा मिटत. पाणी चांगले असले की तिथेच ओंजळभर पीत. वाईट असले की नुसते म्हणत, “हं. बघू.”

“आले वैद्यबुवा! धरा विहिरीची नाडी,” शेजारच्या काकू म्हणत. तेही हसत.

यंदा ते म्हणाले, “मुरबाडहून थेट येतोय, काकू.”

मुरबाड माझे माहेर. आई गेल्यापासून मला न्यायला तिकडून कोणी आलेले नाही. मी पदर सावरून कसेबसे विचारले, “देवळामागच्या तळ्याला पाणी आहे का हो?”

त्यांनी पेटीतून एक बाटली काढून माझ्या हाती दिली. “त्याच तळ्याचं आहे, बाई.”

पाणी हिरवट होते. तळाशी शेवाळाचा धागा हलत होता.

“चांगलं आहे ना?”

“हं,” ते म्हणाले. “बघू.”

मग पाठ फिरवून ते दुसऱ्या बाटल्या पुसत बसले. माझ्या हातातली त्यांनी बराच वेळ मागितली नाही.