नवा टॉवेल आणि माझी जट

आता काय सांगू तुम्हाला, आणि कोणत्या तोंडानं सांगू! चहा घ्या आधी. नंतर हसता हसता सांडाल.

आटपाट नगर काही नव्हतं, जामनेरच्या अलीकडचं आमचं खेडं होतं. तिथं एक नाना राहायचे, म्हणजे आमचे मालक. त्यांना एक लेक होती, रत्ना. एक शेळी होती. आणि एक बायको होती, जिच्या डोक्यात अक्कल कमी अन् डोक्यावर जट मोठी. ती बायको मी!

जट कशी? मनगटाएवढी जाड, पार कंबरेपर्यंत. रत्नाच्या बाळंतपणात मी तापानं पडले, केसांत फणी गेली नाही, उठले तेव्हा केसांचा दोरखंड झालेला. सासू म्हणाली, "देवीनं दिली, कात्री लावायची नाही." नाही लावली. पण देवीनं दिली तरी धुवायची कोणी? देवी येते का धुवायला?

दर शुक्रवारी रिठे-शिकेकाईचं पाणी करायचं, जट त्यात बुडवायची, चोळायची, ओल्या गोधडीसारखी पिळायची. मग जुन्या लुगड्याच्या मऊ धडप्यानं टिपायची आणि उन्हाकडे पाठ करून बसायचं. आतून ओली राहिली की भिजल्या पोत्याचा वास! कापसाच्या दिवसांत तर घरात आढ्याला टेकेल एवढा कापूस. तेव्हा जटेला फडकं गुंडाळल्याशिवाय मी इकडची तिकडे होत नसे. एक तंतू अडकला की निघायचं नाव नाही घेत. सांगायचं काय, सगळ्या गावात माझी जट स्वच्छ. दुसऱ्या कुणाला नव्हतीच, ते सोडा.

तर रत्नाला धुळ्याचं स्थळ आलं. मुलाचं सायकलचं दुकान. रत्नानं त्याला मामाच्या लग्नात पाहिलेला, नाव काढलं की पोरगी उगाच भांडी घासायला बसायची. पण आदल्या साली सावद्याचे पाहुणे माझी जट बघून अर्धा चहा ठेवून उठले होते. "माय अशी, तर लेकीच्या अंगात काय काय येईल!" म्हणाले. पोरगी रडून रडून अर्धी झाली.

म्हणून या वेळी ती माझ्यापुढे हात जोडून उभी. "माय, पदर हलू देऊ नको गं."

"खिळा ठोकते पदराला! झालं?"

पाहुणे दुपारच्या गाडीनं यायचे होते. सकाळी मी जट धुतली. धडपा शोधते तर सापडेना. समोर पाहुण्यांसाठी आणलेला नवा टॉवेल. पांढराशुभ्र, सशाच्या पोटासारखा मऊ. पिशवीवर काहीतरी छापलेलं होतं, पण मला अक्षर कुठं येतं? म्हटलं, आज लेकीचा शकुनाचा दिवस, मी का धडप्यानं पुसू? घेतला टॉवेल आणि घसाघसा पुसली!

उन्हात बसले. रत्ना बाहेर आली आणि जागच्या जागी किंचाळली.

"माय! म्हातारी झालीस तू एका रात्रीत!"

जट पुढे ओढून बघते तर काय, सगळा टॉवेल जटेत उतरलेला! पांढरे पांढरे कण, वरपासून खालपर्यंत. रत्नानं पिशवी वाचून दाखवली, "वापरण्याआधी धुवून घ्या!" लांबून बघणारा म्हणेल, लिखा झाल्यात बाईला!

मग काय, मी बाभळीच्या काट्यानं एक एक कण काढायला बसले. एक काढावा तर दोन आत घुसत. तेवढ्यात मला सुचलं. माझ्या डोक्याला सुचलं की समजावं, घरावर संकट आलं! फुटलेल्या काचेचा चुरा आपण कणकेच्या गोळ्यानं टिपतो ना? मग कण का निघू नयेत? चांगला सैलसर गोळा मळला आणि फिरवला जटेवरून.

कण तसेच राहिले. कणीक तेवढी चिकटली.

आता धुवायला पाणी ओतणार, तोच दारात जीपचा आवाज. पाहुणे आले, तेही दुपारच्या गाडीआधी!

पदर घट्ट लपेटून मी उंबऱ्यात बसले, अंगणाकडे पाठ करून. समोर घरात बाजेवर मुलाचा काका, सगळे त्यांना आबा म्हणत, आणि शेजारी मुलाची आई. बाई मोठी गंभीर. तीही पदर दोन्ही हातांनी धरून. मी मनात म्हटलं, झालं, हिला माझी शंका आली. मला आपला रिठ्याचा वास येत होता, वाटलं, माझाच.

"तुम्ही काही बोलत नाही, इहीनबाई?" ती म्हणाली.

मी मान हलवायलाही तयार नाही. नुसते डोळे हलवले.

"तिची मान धरलीय," नाना म्हणाले.

तेवढ्यात मागून कुणीतरी पदर ओढला. मी हळूच मागे सारला. परत ओढला. म्हटलं, रत्ना खुणावते. पण रत्ना तर समोर पोहे घेऊन उभी! मग मागे कोण?

शेळी! दावं तोडून आलेली, कणकेचा वास लागलेली. पदर गेला, जट सुटली, आणि शेळीनं टोक तोंडात धरून जी ओढ घेतली, मी उंबऱ्यातून उताणी अंगणात!

"अहो सोडवा! खातेय मला!"

नाना शेळी ओढतात, शेळी मला ओढते. रत्नानं पोह्याचं ताट खाली ठेवलं आणि तोंड झाकून घेतलं. मी पडल्या पडल्या तिच्याकडे बघितलं. गेलं माझ्या पोरीचं धुळं!

मुलाची आई धावत आली. "हाई काय शे व माय? बठ्ठा कापूस डोकामाच शे का?"

"घरात सगळा कापूस भरलाय ना, म्हणून डोक्यातही..." नाना सावरायला गेले.

"कापूस नाही हो, टॉवेल आहे," मी रडत म्हटलं. "वरून कणीक आहे."

बाईनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा शेळीकडे. आणि जी हसायला लागली! पोट धरून हसली, भिंतीला टेकून हसली, आणि हसता हसता तिचाही पदर खाली आला.

बघते तर काय! तिच्या मानेवर काळीभोर, चकचकीत जट, अंबाड्यासारखी गुंडाळलेली. एक तंतू नाही तिच्यात!

"मनी बी जट शे," ती डोळे पुसत म्हणाली. "हिच्यापायी दोन मुलीवाल्यांनी नकार दिला. म्हणून झाकून आले."

आबा म्हणाले, "चला, आता कुणी कुणाला काही विचारू नका."

मग विहीणबाई माझ्यामागे बसली, काट्यानं जट निवडायला लागली. मुलगी बघायला आलेली बाई विहिणीचे कण काढतेय! रत्नानं न सांगता गरम पाणी आणलं, दुसऱ्या बाजूनं हात लावला, नाक मुरडलं नाही. विहीणबाईनं तिच्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाली, "आबा, पोर पसंत शे."

लग्न झालं. विहिणीच्या मानाचं लुगडं मी चांगल्या मऊ पांढऱ्या कापडात बांधून दिलं. घाईत ट्रंकेत जे हाताला लागलं ते घेतलं.

दिवाळीला रत्ना आली. गोरी झालेली, भरलेली, नवऱ्याच्या सायकलवर मागे बसून सगळं धुळं फिरलेली. माझं पोट भरलं तिला बघून.

"माय, सासूबाईंचा निरोप आहे."

"काय गं?"

"म्हणाल्या, तुन्हा मायले सांग, टावेल भेटी गया. आते बकरी बी धाडी दे!"