देवरावची कडी

डबी अर्धी बाहेर आली आणि अडकली. पुढेही येईना, मागेही जाईना. साहेबांनी पक्कड लावून ओढली, तर तिचा पत्राच वाकला. बेल्याकडच्या सगळ्या गावांचे फोन तासाभरापासून बंद होते, आणि त्यातल्याच एका गावात माझी मुलगी शांता होती. दुसरं बाळंतपण, म्हणून सासरीच. दिवस भरले होते. तिच्या गावात बैलगाडीशिवाय काही नव्हतं. कळा सुरू झाल्या की जावयानं पंचायतीतून आमच्या टेलिफोन कचेरीत फोन करायचा आणि मी समोरच्या जीपवाल्याला धाडायचं, असं ठरलं होतं.

आणि फोन माझ्याच हातानं बंद पडले होते.

मी त्या कचेरीत झाडलोट करायची, पाणी भरायची. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना हळदकुंकू मीच लावायची. त्या वर्षी उजेडावर चालणारं नवीन कपाट आलं होतं. केसाएवढ्या काचेच्या तारेतून उजेड जातो आणि त्यातून माणसांचं बोलणं जातं, असं मला सांगितलं होतं. कपाटात काडेपेटीहून थोड्या मोठ्या डब्या एकीला एक चिकटून बसवलेल्या. प्रत्येकीच्या तोंडात पिवळी तार. टिळा लावायला जागा दिसेना, म्हणून मी एकीची तार काढली, ओलं कुंकू लावलं आणि तार परत खुपसली. कुंकू तारेच्या टोकाला लागलं, डबीच्या भोकातही गेलं. उजेड अडला. तार पुसता आली. डबी मात्र बदलावीच लागणार होती. नवी डबी कपाटात तयार होती. जुनी निघत नव्हती.

देवराव मिस्त्री तेव्हा खांबावरचं काम सोडून आला. त्याच्याबद्दल सांगायचं तर आधी हे सांगते, की तो काहीही बनवलं तरी स्वतः वापरून बघत नसे. ज्याचा हात सगळ्यात वाईट, त्याला आधी देई. आमच्या कचेरीत तो हात माझा होता. कडबा कापताना माझी दोन बोटं लहानपणीच गेली. खांबावरच्या पेटीला त्यानं नवं झाकण केलं, तेव्हा मला म्हणाला, "रुखमाक्का, डोये मीट, हात पाण्यात बुडव, अन् एका हातानं उघड."

मी म्हटलं, "मी काय खांबावर चढून राह्यली काय?"

"तू नाई चढत. पण पावसात जो चढते त्याचा एक हात खांबाले असते. दोन हात लागन असं झाकण करणारा मानूस कधी खांबावर चढलाच नाई."

असं बोलणं. चांगल्या कामाचं कौतुक त्याला ठाऊक नव्हतं. झाकण उघडलं तर "हं" म्हणायचा, नाही उघडलं तर मोडून टाकायचा. माझ्यावर कधी चिडला नाही. म्हणायचा, "तुह्या हातानं निंगालं नाई तं चूक मायी." बायकोशी मात्र रोज भांडायचा, हेही खरं आहे.

त्या दिवशी आत आला तो साहेबांना म्हणाला, "पक्कड ठेवा साब. खींचो मत."

साहेब घामाघूम. "अरे, खींचेंगे नहीं तो निकलेगी कैसे?"

"पहले अंदर." त्यानं अंगठ्यानं डबी आत लोटली. मग मला समजावं म्हणून सांगितलं, की दोन्ही बाजूंना बारीक खटके आहेत. ओढलं की ते जास्तच रुततात. आत लोटलं की सैल पडतात, मग दाबायचे. पण डब्या इतक्या चिकटून, की मध्ये नखही जाईना.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आकडे दे."

मी अंबाड्यातले दोन आकडे काढून दिले. ते त्यानं दगडानं ठेचून चपटे केले, दोन्ही बाजूंनी सरकवले. वाकडा पत्रा आडवा येत होता. दोनदा आकडे निसटले. माझे केस मोकळे, हाताला कुंकू, आणि मी तशीच उभी. तिसऱ्यांदा टक असा आवाज आला आणि डबी त्याच्या हातात आली. नवी बसवली. सगळे मिळून दोन तास गेले होते.

लगेच फोन वाजला. जावई. "मामी, कवाचा लावून राह्यलो! काऊन उचलत नव्हते? लवकर धाडा!" दोन तास तो फोन धरून उभा होता. गाडी जुंपायचं त्याला सुचलं नाही. मी जीपमध्ये बसले.

बाराव्या दिवशी कामावर परतले. तोवर चौकशी होऊन गेली होती. तार कोणी काढली, हे वरून विचारायला आलेल्या माणसाला देवरावनं सांगितलं होतं, "मले नाई मालूम. कुंकवानं पाच मिनिटं खाल्ली असती. दोन तास खटक्यानं खाल्ले. ते लिवा." त्याला माहीत होतं. पहिलं वाक्य खोटं होतं. बाकीचं खरं होतं, पण त्यामुळे माझी चूक पुसली जात नाही.

मला पाहून तो उठला. शांताचं विचारायला घाबरत होता, हे मला दिसलं. त्यानं मोडकी डबी पुढे केली. तिच्या तोंडाला सायकलच्या आऱ्याची बारीक कडी बसवली होती. कडी खाली पाडली की दोन्ही खटके आपोआप दबत, आणि तीच कडी धरून डबी अलगद बाहेर येई. कडी वर केली की डबी पक्की. लाकडाच्या खाचेत बसवून म्हणाला, "डोये मीट."

मी डोळे मिटले. तीन बोटांनी कडी पाडली आणि ओढली. डबी निघाली.

या वेळी तो "हं" म्हणाला नाही. "पोरगी कशी हाय?" म्हणाला.

"हाय. दवाखान्यातून घरी आणली."

"अन् लेकरू?"

मी नाही म्हणून मान हलवली. तो खाली बसला. पुष्कळ वेळ डबी आत घालत आणि बाहेर काढत राहिला. पुढे सगळ्या डब्यांना त्यानं तशी कडी लावून घेतली. साहेब आधी नाही म्हणाले होते. माझं नाव त्यानं मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. आज मी सांगते आहे.

शांता वाचली. मुलगा जीपमध्येच गेला.