तळहातावरचा रस्सा

"रक्तगट जुळतोय, टिश्यू जुळतायत. पण शोभाताई, तुमची किडनी मी आत्ता घेणार नाही," डॉक्टर म्हणाले.

माझा धाकटा भाऊ दिलीप शेजारीच बसला होता. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, म्हणजे मशीनवर रक्त गाळून घेणं, चालू होतं. त्यासाठी तो उमरेडहून नंदनवन वस्तीत माझ्याकडे येऊन राहिला होता. आईवडील गेलेले, त्याच्या बायकोचा रक्तगट वेगळा. देणारी मी एकटीच होते आणि मलाच नापास केलं होतं.

डॉक्टरांनी बीएमआय हा शब्द सांगितला. उंचीच्या मानाने वजन किती, त्याचं ते माप. माझी उंची पाच फूट एक इंच, वजन एक्क्याऐंशी किलो. "एक काढल्यावर उरलेलीवर सगळा भार येतो. या वजनाला पुढे बीपी, शुगर झाली तर तीही जाईल. मला एका पेशंटचे दोन करायचे नाहीत. सत्तरवर या, मग बघू."

किती वेळ आहे, असं मी विचारलं. डायलिसिसवर माणसं वर्षं काढतात, पण याचं हृदय थकत चाललंय, जितकं लवकर तितकं बरं, असं ते म्हणाले. परत येताना ऑटोत दिलीप एवढंच बोलला, "राहू दे ताई. होऊन राहिलं न मशीनवर." मला त्याचा राग आला. स्वतःचा त्याहून जास्त आला.

आमची सावजी खानावळ आहे. आम्ही मूळचे विणकर. माग बंद पडल्यावर सासऱ्यांनी घरच्या मसाल्याच्या जोरावर खानावळ काढली. पंधरा वर्षं चूल माझ्या ताब्यात होती. रश्श्यावर तेलाची लाल तर्री आली नाही तर गिऱ्हाईक ताट सरकवून देतं, असं आमचं जेवण. तिथे उभं राहून मला अकरा किलो उतरवायचे होते.

दवाखान्यातल्या डायटिशियनने, म्हणजे कोणी काय किती खायचं ते ठरवून देणाऱ्या मुलीने, वही ठेवायला सांगितली. तोंडात जाईल ते लिहायचं. मी हट्टी बाई. भात बंद, चहातली साखर बंद, मटण बंद. दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर वरण, काकडी, ताक. पहिल्या दीड महिन्यात पाच किलो गेले. मग काटा शहात्तरवर जो रुतला, तो हलेचना.

सहा आठवडे तसेच गेले. त्यातच दिलीपच्या फुप्फुसात पाणी झालं आणि त्याला चार दिवस ॲडमिट करावं लागलं. मी रात्रीचं जेवणही सोडलं. चक्कर यायला लागली, वजन मात्र तेवढंच. डायटिशियनने हळूच विचारलं, मधेअधे काही खाणं होतं का. मी तिच्यावर उखडलेच. चोरून खाणारी बाई दिसते का मी? ती पोरगी शांत होती. म्हणाली, सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा. मी सांगत गेले. फोडणीपर्यंत आले तेव्हा तिने थांबवलं.

"चव कोण बघतं?"

"मीच. दुसरं कोण पाहीन?"

"ते वहीत नाही."

"ते कुठं जेवण असते, बाई?"

मी अगदी खरं बोलत होते. आमच्यात पळीतला रस्सा तळहातावर घ्यायचा आणि चाटायचा, याला कोणी खाणं म्हणत नाही. ताटात वाढलं, बसून खाल्लं, ते जेवण. मटण, चिकन, बेसनाच्या पाटोडीचा रस्सा, डाळकांदा. मसाला परतला की एकदा, मीठ पडलं की एकदा, उतरवताना एकदा. दुपारी तसं, संध्याकाळी तसं. उभ्याउभ्याच.

तिने मला काही बंद करायला लावलं नाही. म्हणाली, उद्या दिवसभर जेवढं तळहातावर घ्याल तेवढंच एका वाटीत टाका. चाटू नका, फक्त टाका.

संध्याकाळी दोन वाट्या भरल्या होत्या. गार झाल्यावर वर बोटभर तेल आलं. मी ओट्यापाशी खाली बसले. दिलीप आतल्या खोलीत दोन उशा लावून, बसूनच झोपला होता, कारण आडवं झालं की त्याला दम लागायचा. त्याचे सहा आठवडे मी तळहातावरून चाटून संपवले होते. तेव्हा जे रडू आलं ते आजही आठवतं.

माझी धाकटी जाऊ सुनीता. ती आमच्या घरात आली तेव्हापासून पोळ्या तिच्याकडे, रस्से माझ्याकडे. तिला मी मसाल्याच्या डब्याजवळ फिरकू दिलं नव्हतं, आणि त्याचा मला अभिमानही होता. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "आजपासून चव तू पाहजो वं."

"अन् बिघडलं तं?"

"तं बिघडू दे."

बिघडलंही. पहिल्या आठवड्यात दोनदा खारट झालं. जुनी गिऱ्हाइकं विचारायची, वहिनी आजारी आहेत काय. मी पळी हलवायचे आणि हात पदराला पुसून ती सुनीताकडे द्यायचे. भूक मला सोसली. आपल्या हातच्या रश्श्याबद्दल जावेला "कसा झाला?" विचारणं फार जड गेलं.

काटा पंधरा दिवसांत हलला. तीन महिन्यांनी मी साडेएकोणसत्तर किलो होते. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सिस्टर येऊन म्हणाली, भावाला लघवी चांगली होतेय. इतकी मोठी बातमी मला आयुष्यात कोणी दिलेली नाही.

वजन टिकवायचं असतं हे मला कोणी सांगितलं नाही, असं लिहिणार होते. पण ते खोटं होईल. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मीच कानाआड केलं. भेटायला येणारा प्रत्येक जण डिंकाचे लाडू, संत्रा बर्फी घेऊन यायचा. एवढं केलंस, आता खा, म्हणायचा. मलाही वाटे, काम झालं आपलं. हळूहळू पळी परत माझ्या हातात आली. तिसऱ्या वर्षी मी सत्त्याहत्तर किलो होते.

आम्हा दोघांची तपासणी एकाच दिवशी असते. त्या वर्षी माझं बीपी वाढलेलं निघालं आणि लघवीत प्रोटीन, म्हणजे किडनीने धरून ठेवायला हवं ते बाहेर पडत होतं. "अजून सावरता येईल," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या वर्षी असं म्हणेन याची खात्री नाही."

बाहेर बाकावर बसून दिलीपने माझा रिपोर्ट पुन्हा वाचला. मग म्हणाला, "ताई, तुह्याजवळची बिघडली तं मी काय करू? मले हे वापस नाही देता येत."

चाळिशीतला माणूस, सगळ्या ओपीडीसमोर रडत होता. मी त्याच्यासाठी वजन उतरवलं आणि त्याच्यावरच केवढं ओझं ठेवलं, हे तेव्हा कळलं.

दुसऱ्यांदा उतरवायला पूर्ण वर्ष लागलं, सोबत बीपीची गोळी. तुमच्यापैकी कोणी यातून जात असेल तर घाई करू नका. मी चूल पेटण्याआधी बसून, पोटभर जेवते. दर गुरुवारी काट्यावर उभी राहते. दीड किलो वाढलं की त्याच आठवड्यात सावरते, सणाची वाट पाहत नाही. चव सुनीता बघते, आणि खरं सांगायचं तर तिचा डाळकांदा माझ्यापेक्षा बरा होतो. कधी लग्नात जिलबी खाते आणि घरी येऊन वहीत लिहिते.

याला चार वर्षं झाली. एकाहत्तर-बहात्तरच्या वर मी गेलेले नाही. प्रोटीन थांबलं आहे.

तपासणीच्या दिवशी खिडकीवरून रिपोर्टची दोन पाकिटं मिळतात. दिलीप दोन्ही घेतो आणि तिथेच उभा राहून माझं आधी फोडतो. माझं सगळं वाचून होईपर्यंत त्याचं स्वतःचं पाकीट तसंच काखेत असतं.