भोकांवरची फुलं

देऊळगाव राजात आमचं कापडाचं दुकान आहे. कापडवाल्याच्या घरात कापड फाटत नाही, निदान लोकांसमोर तरी नाही. सासरेबुवांच्या बनियनची चाळणी झालेली असते, पण वरचा शर्ट कडक इस्त्रीचा. अशा घरात सून भोकं बुजवायला बसली म्हणजे सासूबाईंना केवढा धक्का!

साडी माझ्या आईची, निळी इरकल. आई गेली आणि माझ्या वाट्याला तेवढीच आली. लोखंडी पेटीच्या गंजाने तिला जागोजागी भोकं पडली होती. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी भांडेवाली आमच्या गल्लीत येते. सासूबाईंनी साडी तिच्यासाठी काढून ठेवली, बदल्यात झाकणाचा डबासुद्धा ठरवला. मी ती गुपचूप परत काढून घेतली. मग मी एकेका भोकावर नारिंगी दोऱ्याने करडईचं फूल भरायला घेतलं.

"काऊन वं, कापडाचं दुकान आपलं, अन् सून ठिगळं लावून राह्यली! लोक काय म्हनतील?" सासूबाई म्हणाल्या.

लोक काय म्हणतात ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कळलं. मी हट्टाने तीच साडी नेसले होते. समोरच्या सराफीणबाई पदर हातात घेऊन म्हणाल्या, "कुठून घेतली वं? मले पाह्यजे अशी."

माझ्या आधी सासूबाईच बोलल्या, "आपल्याच दुकानातली. नवा माल हाय."

माझ्या आईची साडी एका वाक्यात 'माल' झाली, याचा मला भयंकर संताप आला. पण भर हळदीकुंकवात सासूला खोटं पाडणारी सून आमच्या गावात अजून जन्मायची आहे.

दुसऱ्याच दिवशी साडी दुकानाच्या काचेत, पुतळीच्या अंगावर. गिऱ्हाइकं तुटून पडली. आता मला नव्याकोऱ्या, भोकं नसलेल्या साड्यांवर फुलं भरायचं काम! आईची साडी परत मागितली की सासूबाई म्हणायच्या, "धंदा होऊन राह्यला, थांब जराशी." भांडेवालीच्या तावडीतून सुटली ती काचेत अडकली.

एका दुपारी सासरेबुवा दुकानाच्या मागच्या खोलीत जेवत होते. मी कात्री घेतली आणि पुतळीच्या खांद्यावरचं सगळ्यांत मोठं फूल उसवून टाकलं.

संध्याकाळी दुकान बायकांनी भरलेलं. सराफीणबाईंची नजर घारीची. "अवं माय! हिले तं भोक हाय! फाटका माल इकता काय वं?"

दुकानाच्या अब्रूवर आलं तेव्हा सासूबाईंना खरं आठवलं. रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा त्या ओरडल्या, "ते दुकानातली नाही वं! आमच्या सुनेच्या मायची हाय ते, मायची! चुकून लागली तिथं."

मी पुतळीच्या अंगावरची साडी उतरवली आणि घडी करून घरी आणली. कुणी अडवलं नाही. नंतर सासूबाईंनी दोनदा नारिंगी दोरा आणून माझ्यापुढे ठेवला. बाकीची फुलं तशीच आहेत, पण खांद्यावरचं भोक मी भरणार नाही. ते आहे तोवर साडी आईची आहे.